वाचकांचे प्रश्न : स्कूबा सिलिंडरचा व्हॉल्व्ह कसा पारखावा?

पुण्याला समुद्र नाही. तरीही तारकर्ली, नेत्राणी किंवा अंदमान येथे पाण्याखाली उतरण्यासाठी जाणाऱ्या आणि अलीकडे त्यासाठी स्वतःची साधने बाळगणाऱ्या पुणेकर वाचकांची पत्रे या सदराकडे नियमित येतात. त्यांपैकी श्वासाची हवा दाबाखाली साठवणाऱ्या सिलिंडरच्या तोंडावर बसणाऱ्या व्हॉल्व्हविषयीची पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून लेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न (कोथरूड) : मी आणि माझ्या धाकट्या भावाने ११.१ लिटरचे दोन वापरलेले ॲल्युमिनियम सिलिंडर व्हॉल्व्हसह विकत घेतले. दोन्ही व्हॉल्व्ह ‘अस्सल इटालियन’ असल्याचे विक्रेत्याने सांगितले होते. प्रत्यक्षात एका व्हॉल्व्हवर सीई हे चिन्ह व त्यापुढे चार आकडे आहेत, दुसऱ्यावर नुसतेच सीई आहे आणि देशाचे नाव कोणावरच नाही. एका व्हॉल्व्हची मूळ पिशवी मिळाली. तिच्यावरच्या बारकोडची सुरुवात ८० ने होते. एका जाणकार मित्राच्या मते हे व्हॉल्व्ह चिनी आहेत. मूळ देश नक्की कसा ओळखावा, आणि व्हॉल्व्ह चिनी निघाल्यास ते बदलावेत काय?

उत्तर : आपल्या पत्रात दोन प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत गुंतले आहेत. व्हॉल्व्ह कोठला आहे हा एक आणि तो कसा आहे हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणजे दुसऱ्याचे आपोआप मिळते, अशी समजूत बाजारात पक्की रुजली आहे आणि विक्रेते तिचा पुरेपूर उपयोग करून घेतात. म्हणून आधी मूळ देशाचा प्रश्न निकालात काढू.

बारकोडपासून सुरुवात करू. ८०० ते ८३९ हे आकडे इटलीतील नोंदणी संस्थेकडचे, ६९० ते ६९९ चीनमधील आणि ८९० भारतातील, हे खरे आहे. परंतु हे आकडे वस्तू कोठे घडली ते सांगत नाहीत, तर ती विकणाऱ्या कंपनीने आपला क्रमांक कोणत्या देशातील संस्थेकडून घेतला एवढेच सांगतात. मिलानमधील कंपनीने तैवानमध्ये बनवून घेतलेल्या वस्तूवरही बारकोड इटलीचाच येतो. सीई चिन्हाचेही तसेच आहे. ते उगमाचे चिन्ह नसून युरोपीय बाजारात वस्तू विकण्यासाठी लागणाऱ्या अटी पूर्ण केल्याचा निर्मात्याचा दावा आहे. त्यापुढचे चार आकडे मात्र महत्त्वाचे असतात, कारण निर्मात्याखेरीज कोणत्या त्रयस्थ तपासणी संस्थेने त्या उत्पादनावर देखरेख ठेवली हे त्यांवरून कळते. ००३६ हा ट्यूव्ह स्यूडचा क्रमांक आहे, ००३५ ट्यूव्ह ऱ्हाइनलँडचा आणि ००६२ ब्यूरो व्हेरितासचा. युरोपीय आयोगाची अशा संस्थांची यादी सर्वांना खुली आहे, तेव्हा आपल्या व्हॉल्व्हवरचा क्रमांक तिच्यात आहे की नाही आणि असल्यास ती संस्था दाबाच्या उपकरणांचे काम करते की खेळण्यांचे, हे घरबसल्या पाहता येईल. अर्थात, जर्मन संस्थेचा क्रमांक असला म्हणजे व्हॉल्व्ह जर्मन ठरत नाही. त्या संस्थेचे निरीक्षक चीनमधल्या कारखान्यातही जातात.

देश ओळखण्याचा खात्रीचा मार्ग एकच आहे. व्हॉल्व्हच्या अंगावर असलेल्या निर्मात्याच्या खुणेवरून, म्हणजे नाव, मुद्रा किंवा आद्याक्षरे यांवरून, निर्माता शोधायचा आणि त्याच्याकडून किंवा त्याच्या अधिकृत विक्रेत्याकडून तुकडीच्या क्रमांकाची खातरजमा करून घ्यायची. त्यातही ‘मूळ देश’ हा शब्दप्रयोग वाटतो तितका सरळ नाही. पितळी व्हॉल्व्हच्या धंद्याची जगात काही ठरलेली गावे आहेत: इटलीत ब्रेशा प्रांतातील लुमेत्साने, चीनमध्ये झेज्यांग प्रांतातील युह्वान, आपल्याकडे जामनगर. एका गावात घडलेली बॉडी (व्हॉल्व्हचे मुख्य धातूचे अंग) दुसऱ्या देशात लेथवर चढते, तिसऱ्या देशात तिच्यात स्पिंडल (मुठीबरोबर फिरणारा दांडा), सीट (हवेची वाट बंद करणारी गादी) व ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) बसवल्या जातात आणि चौथ्याच देशातील नामवंत कंपनीचे नाव तिच्यावर उमटते. विक्रेत्याने ‘इटालियन’ म्हटले ते यांपैकी कोणत्या टप्प्याविषयी, हे त्यालाही ठाऊक नसण्याची शक्यता बरीच आहे. नवी आयात वस्तू घेताना मात्र ग्राहकाचा हक्क स्पष्ट आहे: २०११ च्या वैधमापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियमांनुसार वेष्टनावर मूळ देश छापलेला असावा लागतो, आणि २०२० च्या ई-व्यापारविषयक ग्राहक संरक्षण नियमांनुसार ऑनलाइन विक्रीच्या पानावरही तो द्यावा लागतो.

आता गुणवत्तेकडे वळू. माझे मत असे की व्हॉल्व्ह चिनी म्हणून टाकून देऊ नये आणि इटालियन म्हणून डोळे मिटून घेऊही नये. त्याच्यावर कोणी आपले नाव घातले आहे काय आणि ते नाव शोधता येते काय, हे पाहावे. चांगल्या व्हॉल्व्हच्या अंगावर निर्मात्याची खूण, गळ्याच्या आट्यांचे माप, चालण्याचा दाब आणि तुकडीचा क्रमांक किंवा उत्पादनाचा काळ एवढे तरी असतेच. ही अक्षरे घडाईच्या साच्यातूनच उमटलेली किंवा नीट ठोकलेली असावीत. मुलाम्यावर वरवर कोरलेली, वाकडीतिकडी, काही ठिकाणी खोल तर काही ठिकाणी उथळ असलेली अक्षरे संशयास्पद समजावीत. आपल्या पहिल्या व्हॉल्व्हवर चार आकडे आहेत. ते यादीत सापडले आणि निर्मात्याची खूणही ओळखता आली, तर तो व्हॉल्व्ह कोणत्याही देशाचा असला तरी बदलण्याचे कारण नाही. दुसऱ्यावरचे नुसते सीई या दाबाच्या वस्तूवर फारसे काही सांगत नाही. त्याच्यावर निर्मात्याचे नावही नसेल, तर तो बदलावा असेच मी सांगेन.

धातूची शहानिशा घरीही काही प्रमाणात होते. बऱ्याच जणांना वाटते की लोहचुंबक लावला की काम झाले. परंतु पितळ चुंबकाला चिकटत नाही तशी जस्ताची स्वस्त मिश्रधातूही चिकटत नाही, तेव्हा या परीक्षेतून केवळ लोखंड पकडले जाते. घनतेची परीक्षा अधिक उपयोगाची आहे. पितळेची घनता दर घन सेंटिमीटरला ८.४ ते ८.५ ग्रॅम असते आणि जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची सुमारे ६.६ ते ६.७ ग्रॅम. सिलिंडरवरून उतरवलेल्या आणि आतील भाग काढून रिकाम्या केलेल्या बॉडीचे आधी वजन करावे. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून काटा शून्यावर आणावा आणि बॉडी दोऱ्याने पाण्यात अशी बुडवावी की ती तळाला किंवा बाजूला टेकणार नाही व तिच्यात हवेचे बुडबुडे राहणार नाहीत. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंटिमीटर तिचे आकारमान. ६०० ग्रॅमची बॉडी पितळेची असेल तर काटा ७१ च्या आसपास थांबतो, जस्ताची असेल तर ९० च्या आसपास. एवढा फरक साध्या काट्यालाही कळतो. नेमके मिश्रण जाणून घ्यायचे असल्यास भोसरी, चाकण परिसरातील धातू-तपासणी प्रयोगशाळांत क्ष-किरणांच्या यंत्राने ते पाहता येते. मात्र मोजणी मुलामा नसलेल्या आतल्या पृष्ठभागावर करायला सांगावी, नाहीतर क्रोम आणि निकेल यांचेच आकडे हाती येतील.

याच आतल्या पृष्ठभागावर घडाई आणि ओतकाम यांतला भेदही दिसतो. घडवलेल्या पितळेचा कापलेला भाग सलग व दाट असतो, तर निकृष्ट ओतकामात टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे आढळतात आणि क्रोमचा जाड मुलामा बाहेरून ती झाकतो. वापरलेल्या व्हॉल्व्हवर आणखी दोन खुणा पाहाव्यात. हिरवा कळंक वरवरचा असेल तर घाबरण्याचे कारण नाही. पण आट्यांजवळ गुलाबी-तांबूस डाग दिसले तर त्या जागचे जस्त खाऱ्या पाण्याने खाल्ले गेले आहे व मागे तांब्याचा पोकळ सांगाडा राहिला आहे असे समजावे. अशी बॉडी पुन्हा वापरू नये. दुसरी खूण सिलिंडरच्या गळ्यात आढळते: पितळ आणि ॲल्युमिनियम खाऱ्या ओलाव्यात एकमेकांना टेकून राहिले की ॲल्युमिनियम झिजते आणि आट्यांत पांढरी भुकटी साठते.

शेवटी, त्या नमुन्याची सीट, ओ-रिंगचा संच आणि स्पिंडल भारतात मिळतात काय, याची चौकशी करावी. व्हॉल्व्हची मूठ फार जोराने आवळण्याची सवय असलेल्यांच्या हाती सीटवर खोलगट वळ पडतो, मग व्हॉल्व्ह बंद व्हायला दर वेळी अधिक जोर लागतो आणि अखेर सीट बदलावीच लागते. ती मिळत नसेल, तर उत्तम व्हॉल्व्हही दोन-चार मोसमांपुरताच आहे.

प्रश्न (औंध) : मित्राकडून घेतलेल्या सिलिंडरला व्हॉल्व्ह नव्हता, म्हणून मी एम २५ × २ असे लिहिलेला नवा व्हॉल्व्ह मागवला. तो हाताने शेवटपर्यंत फिरला. आत जाताना किंचित हलत होता, पण ओ-रिंग दाबली गेल्यावर घट्ट बसला. ५० बार (बार म्हणजे दाबाचे एकक) हवा भरून साबणाचे पाणी लावले तेव्हा गळतीही दिसली नाही. सिलिंडरवर डीओटी ३एएल असा शिक्का आहे. विक्रेत्याच्या मते ‘पाऊण इंची आणि पंचवीस मिलिमीटर एकच’. आता २०० बारपर्यंत भरायला हरकत नाही ना?

उत्तर : पूर्ण हरकत आहे. कृपया हा सिलिंडर भरू नका. आतली हवा मूठ थोडीशी उघडून सावकाश सोडा आणि ती सोडताना किंवा सिलिंडर हलवताना व्हॉल्व्हच्या रेषेत स्वतः थांबू नका व दुसऱ्या कोणाला थांबू देऊ नका.

आपण लिहिलेली सर्व लक्षणे या क्षेत्रातील सर्वांत घातक गफलतीची आहेत. स्कूबा सिलिंडरच्या गळ्याला मुख्यतः दोन घराण्यांचे सरळ आटे असतात. युरोपीय पद्धतीत एम २५ × २, म्हणजे बाहेरचा व्यास २५ मिलिमीटर आणि एका आट्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर २ मिलिमीटर. अमेरिकी पद्धतीत पाऊण इंची एनपीएसएम, म्हणजे एका इंचात १४ आटे. यातला ‘पाऊण इंच’ हे नळाच्या मापाचे केवळ नाव आहे. त्या आट्यांचा बाहेरचा व्यास प्रत्यक्षात २६.४ मिलिमीटरच्या आसपास भरतो. त्यामुळे पाऊण इंची व्हॉल्व्ह मेट्रिक गळ्यात जातच नाही, आणि तिथे निदान चूक लगेच लक्षात तरी येते. उलट बाजूचा प्रकार मात्र धोक्याचा आहे. मेट्रिक व्हॉल्व्ह पाऊण इंची गळ्यापेक्षा बारीक असल्याने सैलसर का होईना आत जातो, ओ-रिंग दाबली जाते, हवाही धरून ठेवतो. आणि त्याचे आटे गळ्याच्या आट्यांना केवळ टोकाटोकांनी, मिलिमीटरच्या अंशाइतके अडकलेले असतात. डीओटी ३एएल हा अमेरिकी शिक्का आहे आणि अशा सिलिंडरांना बहुतांशी पाऊण इंची आटे असतात. व्हॉल्व्ह आत जाताना हलत होता तो यामुळेच.

आता जोराचा हिशेब पाहा. २५ मिलिमीटर व्यासाच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ४९१ चौरस मिलिमीटर होते. त्यावर २०० बार दाब म्हणजे जवळजवळ १,००० किलोग्रॅमचा बाहेर ढकलणारा जोर, म्हणजे एका लहान मोटारगाडीचे वजनच. नीट जुळलेले आटे तो जोर सगळ्या लांबीवर वाटून घेतात आणि त्यांना त्याचे काही वाटत नाही. टोकांवर अडकलेले आटे तो काही काळ सोसतात आणि मग एकाएकी सुटतात. ते भरताना सुटतील, गाडीच्या डिकीत सुटतील, की चार वेळा निर्विघ्न भरल्यानंतर पाचव्या वेळी सुटतील, हे सांगता येत नाही. परदेशांत अशा अपघातांत माणसे मृत्युमुखी पडली आहेत. साबणाचे पाणी इथे कुचकामी ठरते, कारण ते ओ-रिंगची परीक्षा करते, आट्यांची नव्हे. गळती नाही एवढ्यावरून आपण निर्धास्त झालात, हे साहजिक आहे. पण या बाबतीत तीच खूण फसवी आहे.

व्हॉल्व्ह उतरवल्यावर त्याची परीक्षा व्हर्नियरने करता येते. बाहेरचा व्यास २५ मिलिमीटरहून किंचित कमी भरला तर तो मेट्रिक, २६ च्या वर भरला तर पाऊण इंची. पहिल्या आट्याच्या माथ्यापासून सहाव्या आट्याच्या माथ्यापर्यंतचे अंतर मेट्रिकमध्ये १० मिलिमीटर असते आणि पाऊण इंचीत सुमारे ९.१. व्हॉल्व्हच्या बाबतीत एवढे पुरे. गळ्याच्या आतले आटे मात्र असे मोजू नयेत. सिलिंडरच्या नियतकालिक चाचणीच्या केंद्रात त्यासाठी ‘जाणारा’ आणि ‘न जाणारा’ असे दोन प्लग गेज असतात, त्यांनीच ते तपासून घ्यावेत. पाऊण इंचीमध्येही एक पोटभेद आहे: ब्रिटिश बीएसपी आट्यांनाही इंचाला १४ आटे असतात व व्यासही जवळपास तेवढाच असतो, परंतु त्यांचा कोन ५५ अंशांचा, तर अमेरिकी आट्यांचा ६०. व्हर्नियरला हा फरक कळत नाही, आणि हे दोन प्रकारही एकमेकांत बसवायचे नसतात.

व्हॉल्व्ह उतरवण्यापूर्वी सिलिंडर खरोखर रिकामा आहे याची खात्री कशी करायची, हेही सांगायला हवे. मूठ उघडली आणि हवा आली नाही, एवढ्यावर विसंबू नये, कारण आतली बारीक नळी गंजाने किंवा भुकटीने तुंबली असेल तर सिलिंडर भरलेला असूनही बाहेर फुंकरही येत नाही. आपल्या सिलिंडरमध्ये हवा आहे हे आपल्याला ठाऊक आहे, तेव्हा ती आवाज करीत बाहेर पडून पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी आणि व्हॉल्व्ह चाचणी केंद्रातच उतरवून घ्यावा.

प्रश्न (भोसरी) : माझे लहानसे सीएनसी वर्कशॉप आहे. एका ग्राहकाने स्कूबा व्हॉल्व्हचा नमुना देऊन तशा ५० बॉडी पितळी दांड्यातून काढून देण्याविषयी विचारले आहे. मापे अवघड नाहीत. कोणते पितळ वापरावे?

उत्तर : मापे अवघड नाहीत हे मान्य, पण पितळ निवडण्याआधी परवानगीचा विचार करावा लागेल. ५०० मिलिलिटरहून मोठ्या, दाबाखालील वायूच्या सिलिंडरांना भारतात वायू सिलिंडर नियम, २०१६ लागू होतात आणि त्यांच्या व्हॉल्व्हना मुख्य विस्फोटक नियंत्रकांची मंजुरी लागते. त्यांची संघटना, जिला सर्वजण ‘पेसो’ म्हणून ओळखतात, तिचे मुख्यालय नागपूरला आहे. नकाशा, धातूचे दाखले आणि नमुन्यांच्या चाचण्या यांवाचून केवळ नमुन्यावरून नक्कल करून दिलेली बॉडी बेकायदा ठरेल, आणि उद्या काही झाले तर ग्राहक बाजूला राहून प्रश्न आपल्याला विचारले जातील. एलपीजी वगळता इतर वायूंच्या सिलिंडर-व्हॉल्व्हसाठी आयएस ३२२४ हे भारतीय मानक आहे. आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ १०२९७ यात तर नमुना व्हॉल्व्ह दाबाखाली २,००० वेळा उघडून-मिटून पाहावा लागतो.

पितळेविषयी आपण विचारले आहे, तर तेही सांगतो, कारण नक्कल करणाऱ्यांचा पाय बहुधा इथेच घसरतो. लेथवर भराभर कापले जावे म्हणून मिळणारे शिसेमिश्रित दांडे (आपल्याकडे आयएस ३१९) आणि गरम घडाईसाठीचे पितळ (आयएस ६९१२, युरोपात सीडब्ल्यू ६१७एन) यांच्या मिश्रणात फरक थोडा असला तरी हेतू वेगळे असतात. घडवलेल्या बॉडीत धातूचे कण आकाराबरोबर वळतात. दांड्यातून कापलेल्या बॉडीत ते सरळच राहतात आणि आडव्या फाट्यापाशी तुटतात. दांड्यातून चांगले व्हॉल्व्ह होतच नाहीत असे नव्हे, परंतु मग जाडी त्या हिशेबाने ठेवावी लागते, आणि ती नमुन्यावरून नव्हे तर गणितावरून ठरते.

त्याहून मोठी गोष्ट थंड अवस्थेत ओढलेल्या दांड्यात उरलेल्या अंतर्गत ताणाची. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील लष्कराच्या काडतुसांची पितळी कवचे पावसाळ्यात तबेल्यांत साठवली की आपोआप तडकत असत. १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी त्याचे कारण दाखवून दिले: ओढकामातून पितळेत राहिलेला ताण आणि घोड्यांच्या मुताशेणातून दमट हवेत मिसळणारा अमोनिया. दोन्ही एकत्र आले की बाहेरून धडधाकट दिसणारे पितळ कणांच्या सांध्यांतून फाटते. धातुशास्त्रात ही घटना आजही ‘मोसमी तडक’ अशाच अर्थाच्या इंग्रजी नावाने शिकवली जाते, आणि तो मोसम आपल्याकडचा पावसाळा आहे. व्हॉल्व्हच्या बाबतीत यावर उपाय दोन: बॉडी कापल्यानंतर ताण घालवणारी उष्णतेची प्रक्रिया, आणि प्रत्येक तुकडीतील नमुन्यांवर आयएसओ ६९५७ मधली अमोनियाची परीक्षा. आपल्या ग्राहकाने यांपैकी कशाचाही उल्लेख केला नसेल, तर त्याला हवा आहे तो केवळ आकार.

स्वच्छतेचाही मुद्दा आहे. कापण्याचे तेल आतल्या बारीक वाटांत राहिले तर ते थेट श्वासात जाते, आणि प्राणवायूचे प्रमाण वाढवलेली हवा त्या व्हॉल्व्हमधून गेली तर तेच तेल पेट घेऊ शकते. पौड रस्त्यावरच्या मेट्रो स्थानकाला जिचे नाव मिळाले ती वनाझ कंपनी वायूच्या रेग्युलेटर-व्हॉल्व्हसाठीच ओळखली जाते. त्यामुळे या कामाची जाण असलेली माणसे पुण्यात दुर्मीळ नाहीत. त्यांच्यापैकी कोणाचा सल्ला घेऊन मंजुरीच्या मार्गाने जायचे असेल तर अवश्य जावे. तूर्त मुठी, धुळीपासून तोंड झाकणाऱ्या टोप्या असे दाब न सोसणारे भाग बनवायला काहीच अडचण नाही.

प्रश्न (बाणेर) : माझ्या व्हॉल्व्हच्या बाजूला छिद्रे असलेला एक लहान षट्कोनी बोल्ट आहे. भावाच्या व्हॉल्व्हला तो नाही. माझा जुना आहे की त्याचा निकृष्ट?

उत्तर : दोन्ही नाही. त्या बोल्टखाली तांब्याची पातळ चकती असते. दाब मर्यादेबाहेर गेला की ती फाटते आणि छिद्रांतून हवा निसटते. अमेरिकी नियमांत ती आवश्यक आहे आणि युरोपीय स्कूबा व्हॉल्व्हना ती सहसा नसते. तेव्हा व्हॉल्व्ह कोणत्या बाजारासाठी बनला याचा अंदाज त्यावरून येतो, गुणवत्तेचा नाही. चकतीचे माप सिलिंडरच्या चाचणी-दाबावरून ठरते (३,००० पीएसआयच्या, म्हणजे दर चौरस इंचाला तितक्या पौंडांच्या दाबाच्या, सिलिंडरचा चाचणी-दाब ५,००० पीएसआय असतो), म्हणून दुसऱ्या दाबाच्या सिलिंडरवरचा व्हॉल्व्ह उचलून बसवताना चकती बदलावी लागते. ती गळू लागली म्हणून तिच्याजागी भरीव बोल्ट किंवा एकावर एक दोन चकत्या बसवून देणारे कारागीर भेटतात. त्यांच्याकडे पुन्हा जाऊ नये.

प्रश्न (सदाशिव पेठ) : व्हॉल्व्हच्या तोंडातली पितळी पुंगळी ॲलन कीने निघते आणि आत आटे दिसतात. हा दोष आहे काय? ‘२३२’ हा आकडा कशाचा?

उत्तर : दोष नाही, हा दुहेरी व्हॉल्व्ह आहे. पुंगळी बसवली की शिकंजासारखा आवळणारा योक रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा श्वास घेण्याजोग्या दाबावर आणणारे साधन) लागतो, काढली की आट्यांचा डिन रेग्युलेटर. २३२ बार ही त्याच्या दाबाची मर्यादा आहे. ३०० बारच्या डिन व्हॉल्व्हचे तोंड मुद्दाम अधिक खोल केलेले असते. त्यात पाचऐवजी सात आटे असतात, जेणेकरून कमी दाबाचा रेग्युलेटर त्यात चुकून बसला तरी त्याची ओ-रिंग टेकू नये. पुंगळी त्याच निर्मात्याची असावी आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा असताना तिला हात लावू नये.

प्रश्न (मंगळवार पेठ) : जुन्या बाजारात रविवारी बाजूला लांब दांडी असलेला एक जड स्कूबा व्हॉल्व्ह मिळाला. पितळ उत्तम दिसते. तो दुरुस्त करून वापरता येईल काय?

उत्तर : तो जे-व्हॉल्व्ह असावा. पाण्याखाली दाब दाखवणारे मीटर सर्रास मिळू लागण्यापूर्वी पाणबुड्यांना हवा संपत आल्याची सूचना असा व्हॉल्व्ह देत असे: दाब सुमारे ३०० पीएसआयपर्यंत उतरला की आतली स्प्रिंग वाट रोखू लागे, श्वास जड होई, मग दांडी खाली ओढून उरलेली हवा मोकळी करायची आणि वर यायचे. दांडी आधीच कशात तरी अडकून खाली ओढली गेली असेल तर ही राखीव हवा नकळत संपत असे, आणि मीटर आल्यावर ही पद्धत मागे पडली त्याचे हे एक मोठे कारण.

पितळ उत्तम दिसत असले तरी त्याचा इतिहास ठाऊक नाही, सुटे भाग मिळणे कठीण आहे आणि गळ्याचे आटे अर्ध्या इंचाचे निमुळते असण्याची शक्यता आहे, जे आजच्या सरळ आट्यांच्या सिलिंडरला चालत नाहीत. संग्रहात ठेवायचा तर आनंदाने ठेवावा. पुढे कधी तांबट आळीत किंवा भंगारात मोडीत काढण्याची वेळ आली, तर गळ्याचे आटे करवतीने कापून मगच द्यावा, म्हणजे तो पुन्हा जुन्या बाजारातून कोणाच्या सिलिंडरवर चढणार नाही.